मोतीबिंदू काढायच्या आधी काचबिंदू बघून घ्या : टाक्याविना होणारं नवं ऑपरेशन कुणाच्या कामाचं, कुणाच्या नाही

दहिवडी : माण तालुक्यात मोतीबिंदूच्या शिबिराची कुणाला ओळख करून द्यायला नको. ग्रामपंचायतीजवळ फलक लागतो, आशाताई घरोघर सांगून जातात, गाडी येते. म्हातारी माणसं जातात आणि काळा चष्मा लावून परत येतात. आठ-पंधरा दिवसांत सुईत दोरा ओवायला लागतात. पण एखाद्या घरात मात्र वेगळंच ऐकू येतं. ‘भिंग बसवलं, पट्टी निघाली, पण आमच्या अण्णांना दिसतच नाही.’ मग दोष कधी डॉक्टरला जातो, कधी शिबिराला, कधी अण्णांनी पथ्य पाळलं नाही म्हणून अण्णांनाच.

पुष्कळदा कारण निराळंच असतं. मोतीबिंदूच्या मागं काचबिंदू लपलेला असतो. पुढचा पडदा बाजूला केला, पण मागची नस आधीच वाळून गेलेली होती. अशा डोळ्यात कितीही भारी लेन्स टाकली तरी गेलेलं परत येत नाही.

हे आत्ता लिहायचं कारण असं, की काचबिंदूवर गेल्या दहा-पंधरा वर्षांत लहानशा छेदातून, बहुतेक वेळा टाका न घालता होणारी ऑपरेशनं आली आहेत. मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ फिरतात. ‘दहा मिनिटांत काचबिंदू बरा’ असंही कुणीतरी पाठवतं. त्यातलं खरं किती, ते ऑपरेशन कुणाला लागू पडतं आणि माणच्या माणसानं त्याचा विचार नेमका कधी करायचा, ते समजून घेऊ.

नावं सारखी, आजार वेगळे

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. ते काढून नवीन बसवलं की झालं. काचबिंदूत भिंगाचा संबंध नसतो. त्यात डोळ्याकडून मेंदूकडं जाणारी नस हळूहळू मरते. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबलं तरी नजर परत मिळू शकते, काचबिंदूत थांबलेला एकेक महिना कायमचा जातो. जगभरात कायमचं आंधळेपण आणणाऱ्या आजारांत काचबिंदू पहिल्या नंबरावर धरतात.

हा शहरातल्या लोकांचा आजार आहे असंही नाही. २००६ ते २००९ या काळात नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटनं डॉ. विनय नांगिया यांच्या पुढाकारानं नागपूरजवळच्या ८ खेड्यांतल्या ३० वर्षांवरच्या ४,७११ माणसांचे डोळे तपासले. शेती-मजुरी करणारी माणसं होती, त्यांच्यातही काचबिंदू निघाला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजात भारतात चाळिशीच्या पुढचे १ कोटी १२ लाख लोक काचबिंदूचे धरले होते. दक्षिण भारतात गावोगाव झालेल्या पाहण्यांत तर आजार असलेल्या दहापैकी नऊ जणांना तो आहे हेच ठाऊक नव्हतं.

ठाऊक नसतं, कारण दुखत नाही. समोरचं नीट दिसत असतं, पेपर वाचता येतो, माणूस ओळखू येतो. जाते ती बाजूची नजर. दाराच्या चौकटीला खांदा लागतो, पायात शेळीचं करडू येतं, रस्ता ओलांडताना कडेनं आलेली मोटारसायकल दिसतच नाही. घरचे म्हणतात, वय झालं. एक डोळा गेला तरी दुसरा सांभाळून घेतो, म्हणून आणखी उशीर होतो. घरी एक साधी गोष्ट करून बघा : एक डोळा तळहातानं झाका, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघा आणि कडेचं किती दिसतं ते ताडून बघा. मग दुसरा डोळा. ही काही तपासणी नव्हे, पण दोन डोळ्यांत फरक वाटला तर दवाखान्यात जायला तेवढं कारण पुरेसं आहे.

ठिबकचा फिल्टर चोंदला की काय होतं?

डाळिंबाची बाग असणाऱ्याला हे पटकन कळेल. ठिबकचा फिल्टर साफ असला की पाणी सुरळीत पुढं जातं. फिल्टरच्या जाळीत गाळ बसला की पाणी अडतं आणि फिल्टरच्या अलीकडच्या घड्याळाचा काटा वर चढतो. मोटार बंद करत नाही, जाळी धूत नाही, तोवर दाब वाढतच राहतो.

डोळ्यातही अशीच व्यवस्था असते. डोळ्याच्या पुढच्या भागात स्वच्छ पाणी असतं. अश्रू ते वेगळे, हे पाणी आतलं. सगळं मिळून पाव मिलिलिटरच्या आसपास, पण ते सतत तयार होतं आणि दीड-दोन तासांत पूर्ण बदलतं. बाहुलीतून पुढं येऊन ते बुबुळाच्या कडेला, जिथं बुबुळ आणि रंगीत पडदा एकमेकांना भेटतात त्या कोपऱ्यात जातं. त्या कोपऱ्याला डॉक्टर ‘कोन’ म्हणतात. तिथं बारीक जाळी आहे. जाळीच्या पलीकडं एक गोल चारी आहे, तिला श्लेम कॅनाल असं नाव आहे. तिच्यातून पाणी रक्तात मिसळतं.

जाळी चोंदली की डोळ्याचं प्रेशर वाढतं आणि मागची नस दबते. हा ‘उघड्या कोनाचा’ काचबिंदू. दुसऱ्या प्रकारात जाळी ठीक असते, पण रंगीत पडदा पुढं सरकून जाळीचं तोंडच झाकतो, जसा विहिरीच्या फुटव्हॉल्व्हला प्लॅस्टिकचा कागद चिकटावा तसा. हा ‘बंद कोनाचा’. आपल्याकडं दोन्ही सापडतात. कुठला प्रकार आहे हे समजल्याशिवाय ऑपरेशनची गोष्टच निघू शकत नाही, म्हणून हा फरक लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

डोळ्याचं प्रेशर साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा इतकं असतं. पण २१ च्या आत आहे म्हणजे काचबिंदू नाहीच असं नसतं. काहींची नस १६-१७ च्या प्रेशरलाही खचते. नुसता आकडा बघून घरी पाठवलं तर तपासणी अर्धीच झाली असं समजा. रक्तदाबाच्या प्रेशरशीही याचा थेट हिशेब नाही. ‘माझा बीपी नॉर्मल आहे’ म्हणून डोळ्याचं प्रेशर नॉर्मल असेलच असं होत नाही.

बंद कोनाच्या प्रकारात कधीकधी झटका येतो आणि तो मात्र जोरात दुखतो. अर्धं डोकं ठणकतं, डोळा लालभडक होतो, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, उलट्या होतात. आपल्याकडं याला हमखास ‘पित्त झालंय’ म्हणतात. सुंठ-साखर चालू होते, नाहीतर पित्ताची गोळी. लाल डोळा, धूसर नजर आणि उलटी एकत्र दिसली तर ते पित्त समजून रात्र काढू नका. अशा वेळी काही तासांत प्रेशर उतरवावं लागतं.

आधी थेंब, मग लेझर, मग सुरी

कुठल्याही ऑपरेशनानं गेलेली नजर येत नाही. थेंब असोत, लेझर असो की ऑपरेशन, सगळ्यांचं काम एकच : प्रेशर उतरवून उरलेली नजर राखणं.

सुरुवात बहुधा थेंबांनी होते. टिमोलॉल, लॅटानोप्रोस्ट, ब्रिमोनिडीन, डॉर्झोलामाइड ही नावं बाटलीवर दिसतील. ज्यांना दमा आहे किंवा नाडी मंद चालते त्यांनी टिमोलॉलच्या आधी डॉक्टरला तसं सांगायलाच हवं, कारण डोळ्यात टाकलेला थेंब नाकावाटे रक्तात जातो. म्हणूनच थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटानं दाबून धरायचा. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. लॅटानोप्रोस्टच्या काही बाटल्या उघडेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात. घरी फ्रिज नसेल तर तसं सांगा, दुसरा पर्याय असतो.

थेंबांची अडचण वेगळीच आहे. ते आयुष्यभर, रोज, ठरल्या वेळी टाकायचे. टाकल्यानं दिसणं सुधारत नाही, चुकवल्यानं लगेच दुखत नाही. कांदा काढणीच्या दिवसांत, मेंढरं घेऊन बाहेर पडल्यावर किंवा ऊसतोडीला गेल्यावर बाटली संपली तर ती कुणी आणायची? गरिबाचा काचबिंदू बराचसा इथंच हाताबाहेर जातो, आणि त्यात त्याचा आळस काढणं बरोबर नाही.

लेझर हा मधला मार्ग. उघड्या कोनात ‘एसएलटी’ नावाचं लेझर त्या जाळीवर मारतात. चिरफाड नाही, काही मिनिटांचं काम. ब्रिटनमध्ये ७१८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुरुवातीलाच लेझर केलेल्या शंभरातल्या ७४ जणांना तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय प्रेशर हवं तेवढं ठेवता आलं. काही वर्षांनी परिणाम ओसरतो, पुन्हा करता येतं. आपल्याकडं लेझर म्हटलं की लोक चष्मा घालवायचं लेझर समजतात. ते वेगळं. बंद कोनात वेगळं लेझर लागतं, त्यानं रंगीत पडद्याला बारीक छिद्र पाडतात.

या सगळ्यानं भागलं नाही तर जुनं, खात्रीचं ऑपरेशन असतं : ट्रॅबेक्युलेक्टॉमी. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या जॉन केर्न्स यांनी १९६८ मध्ये ते मांडलं. त्याच्याही आधी, १९०९ साली, मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात रॉबर्ट हेन्री इलियट नावाच्या डॉक्टरनं डोळ्याच्या पांढऱ्या भागाला गोल छिद्र पाडून पाणी बाहेर काढायची पद्धत बसवली होती, ती जगभर गेली. ट्रॅबेक्युलेक्टॉमीत वरच्या पापणीखाली, पांढऱ्या भागात एक झाकणीचा दरवाजा करतात. पाणी तिथून झिरपतं आणि पापणीखाली बारीक फुगा तयार होतो. प्रेशर चांगलं उतरतं, १०-१२ पर्यंतसुद्धा. पण काळजी जास्त घ्यावी लागते. प्रेशर फारच खाली जाऊ शकतं, जखम भरून दरवाजा बंद होऊ शकतो, आणि फुग्यातून पुढं कित्येक वर्षांनीही जंतू शिरू शकतात. पहिल्या दोन महिन्यांत दवाखान्याच्या बऱ्याच खेपा होतात. म्हसवडहून साताऱ्याला किंवा मिरजेला सातवी खेप मारायची म्हटल्यावर माणूस काय करतो हे सांगायला नको.

नवं ऑपरेशन म्हणजे नेमकं काय करतात?

थेंब आणि हे मोठं ऑपरेशन यांच्या मधली जागा रिकामी होती, ती भरायला नव्या पद्धती आल्या. डॉक्टर त्यांना ‘मिग्स’ म्हणतात. कमीत कमी चिरफाडीचं काचबिंदूचं ऑपरेशन, असा त्याचा अर्थ. हे एका ऑपरेशनचं नाव नाही, सात-आठ पद्धतींचं मिळून आहे. कॅनडातले डॉ. इक्बाल अहमद यांनी हे नाव रूढ केलं.

मोतीबिंदू काढायला बुबुळाच्या कडेला दोन-अडीच मिलिमीटरचा छेद घेतात. त्याच छेदातून आत जायचं, एका खास भिंगातून तो कोन बघायचा आणि चोंदलेल्या जाळीवर आतूनच इलाज करायचा. बाहेरचा पांढरा भाग कापायचा नाही. दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात. डोळा भूल देऊन सुन्न करतात, माणूस जागाच असतो, त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी.

इलाज दोन तऱ्हेचे. एकात जाळीतून पलीकडच्या चारीत बारीक नळी बसवतात, ठिबकच्या फिल्टरला बायपास काढावा तशी. ‘आयस्टेंट’ ही टायटॅनियमची पहिली नळी १ मिलिमीटर लांबीची होती. अमेरिकेत २०१२ मध्ये तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसोबत बसवायला परवानगी मिळाली. ‘हायड्रस’ नावाची ८ मिलिमीटरची वाकलेली पट्टी २०१८ मध्ये आली, ती चारीला आतून आधार देऊन उघडी ठेवते. ‘झेन’ नावाची ६ मिलिमीटरची मऊ नळी पाणी डोळ्याच्या वरच्या आवरणाखाली काढते, म्हणजे काम जुन्या ऑपरेशनसारखं पण वाट छोटी. ती डुकराच्या जिलेटिनपासून बनते. कुणाला त्याची अडचण असेल तर आधी विचारून घ्यावं.

दुसऱ्या तऱ्हेत काहीच बसवत नाहीत. चोंदलेली जाळी काही अंतर कापून किंवा खरडून काढतात. त्यासाठी खास दुहेरी पात्याची सुरी मिळते. काही डॉक्टर श्लेम चारीतून बारीक दोरा गोल फिरवून तो ओढून जाळी उघडतात. आणि काही डॉक्टर साधी इंजेक्शनची सुई टोकाशी वाकवून तेच काम करतात. मला विचाराल तर आपल्यासारख्या भागासाठी या वाकवलेल्या सुईत जास्त अर्थ आहे. परदेशी नळीची किंमत ऐकून माणूस परत फिरतो, सुई मात्र कुठल्याही ऑपरेशन थिएटरात असते. डॉक्टरचा हात त्यासाठी तयार लागतो, एवढंच.

ही कल्पना तशी नवीही नाही. लहान बाळांच्या जन्मजात काचबिंदूत आतून जाळी कापायचं ऑपरेशन अमेरिकेतल्या ओटो बार्कन यांनी १९३०च्या दशकात सुरू केलं होतं. ते आजही करतात. बाळाचे डोळे मोठे दिसले की आपण ‘किती टपोरे’ म्हणून दृष्ट काढतो. पण डोळे मोठे, बुबुळ धुरकट, सारखं पाणी येतंय आणि उजेडाकडं बाळ तोंड फिरवतंय, असं असेल तर त्याच आठवड्यात डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा.

कुणाला उपयोग, कुणाला नाही

जाहिरातीत न येणारा भाग आता.

मिग्स जमतं ते मुख्यतः उघड्या कोनाच्या, सुरुवातीच्या किंवा मधल्या टप्प्यातल्या काचबिंदूत. त्यातही मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचंच आहे आणि थेंब एक-दोन चालू आहेत, असा रुग्ण सगळ्यात योग्य. यातल्या बऱ्याच पद्धतींत प्रेशर साधारण १४-१६ पर्यंत येतं, त्याच्या फार खाली जात नाही, कारण पाणी शेवटी शिरेतच जाणार आणि शिरेचा स्वतःचा दाब असतो. ज्याची नस जवळजवळ संपलीय आणि ज्याला प्रेशर १०-१२ वर आणावं लागतं, त्याला हे पुरत नाही. त्याला जुनंच ऑपरेशन बरं. तिथं नव्याचा हट्ट धरून नुकसान होतं.

बंद कोनात या नळ्या सहसा बसवत नाहीत, कारण रस्ताच झाकलेला. पण तिथं एक वेगळी गोष्ट कामाला येते. वयानुसार भिंग जाड होतं आणि तेच रंगीत पडद्याला पुढं ढकलतं. भिंग काढलं की कोन मोकळा होतो. पाच देशांतल्या ४१९ रुग्णांवरचा अभ्यास २०१६ मध्ये आला, त्यात बंद कोनाच्या, प्रेशर वाढलेल्या रुग्णांना आधी लेझर करण्यापेक्षा थेट भिंग काढून लेन्स बसवणं जास्त फायद्याचं ठरलं. म्हणजे या माणसांना मोतीबिंदूचं ऑपरेशन हाच काचबिंदूचाही इलाज होऊ शकतो.

उघड्या कोनातही नळीचं श्रेय किती आणि मोतीबिंदू काढल्याचं किती, हे नीट बघावं. हायड्रसच्या मोठ्या चाचणीत पाच वर्षांनी मोतीबिंदूसोबत नळी बसवलेल्या शंभरातले ६६ जण थेंबांशिवाय होते. ज्यांचा फक्त मोतीबिंदू काढला, नळी बसवलीच नाही, त्यांच्यातलेही ४६ जण थेंबांशिवाय होते. फरक आहे, पण शंभरात वीस जणांचा. तेवढ्यासाठी किती पैसे मोजायचे हा ज्याचा त्याचा हिशेब. रोज थेंब टाकायला घरात कुणी नसलेल्या एकट्या म्हातारीसाठी ते वीस फार मोठे आहेत. थेंब नेमानं टाकणाऱ्या आणि प्रेशर ताब्यात असलेल्या माणसाला कदाचित नाहीत.

त्रास कमी असतो, पण नसतोच असं नाही. डोळ्यात थोडं रक्त उतरून चार-आठ दिवस धूसर दिसणं हे नेहमीचं. कधी प्रेशर उलट काही दिवस वाढतं. नळी जागेवरून हलू शकते. आणि नवं म्हणजे पक्कं, असं धरू नये. ‘सायपास’ नावाच्या नळीला अमेरिकेत जुलै २०१६ मध्ये परवानगी मिळाली, हजारो डोळ्यांत ती बसवली गेली. पाच वर्षांचे आकडे आले तेव्हा बुबुळाच्या आतल्या थरातल्या पेशी जास्त मरत असल्याचं दिसलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीनं ती जगभरातून मागं घेतली. ज्यांना कुठलीही नळी बसवलीय त्यांनी सोबत मिळालेलं कार्ड आधारकार्डासारखं जपून ठेवावं. पुढं एमआरआय काढायची वेळ आली तर तेही दाखवावं लागतं.

ऑपरेशननंतर थेंब बंद झाले तरी काचबिंदू गेलेला नसतो. दुसरा दिवस, आठवडा, महिना आणि मग दर तीन ते सहा महिन्यांनी प्रेशर बघायचं, ते कायम.

मेडिकलातल्या थेंबांनी होणारा काचबिंदू

उन्हाळ्यात आपल्याकडं फुफाटा उडतो, पोरांचे डोळे खाजतात. मेडिकलातून ‘खाजेचा थेंब’ आणला जातो, दोन दिवसांत आराम पडतो आणि मग तीच बाटली दरवर्षी, डॉक्टरला न विचारता. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असं लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. आठवड्यांच्या वर वापरलं तर काही जणांचं प्रेशर चढतं, पोरांचंसुद्धा. शाळकरी वयात नस गेलेली मुलं डॉक्टरांकडं येतात ती बरीचशी याच वाटेनं. गुडघेदुखीवर ‘एका पुडीत आराम’ देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेलं निघालं आहे. वर्षभर अशी पुडी खाणाऱ्यानं डोळ्याचं प्रेशर बघून घ्यावं. सुरुवातीलाच सापडलं तर डॉक्टरच्या सल्ल्यानं औषध बंद करून प्रेशर खाली येऊ शकतं. डॉक्टरनं दिलेलं स्टेरॉइड मात्र मनानं एकदम बंद करायचं नाही.

शिबिरात नाव देताना काय विचारायचं

आपल्याकडच्या शिबिरांचा सगळा भर मोतीबिंदूवर असतो. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, त्याचा मोठा भाग मोतीबिंदूनंच व्यापला. त्यात गैर काही नाही, मोतीबिंदूनं अंध झालेले जास्त आहेत आणि ऑपरेशनं मोजता येतात. राखलेली नजर कुणाच्या तक्त्यात दिसत नाही. म्हणून विचारायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

ते ऑपरेशनच्या आधी विचारायचं, नंतर नाही. मोतीबिंदू एकदा काढला की सोबत मिग्स करून घ्यायची सोपी संधी गेली. पुढं फक्त काचबिंदूसाठी पुन्हा डोळा उघडायचा म्हणजे वेगळा खर्च आणि वेगळी जोखीम. म्हणून सरळ विचारा : डोळ्याचं प्रेशर किती आहे? नस बघितली का? काचबिंदूचा संशय असेल तर कोन उघडा आहे की बंद? कोन बघायला डोळ्याला भिंग टेकवून तपासतात, त्याला गोनिओस्कोपी म्हणतात. बाजूची नजर मोजायला फील्ड टेस्ट असते, त्यात लुकलुकणारा ठिपका दिसला की बटण दाबायचं. नसेचा फोटो ओसीटी मशीनवर निघतो. मोतीबिंदू फार पिकला असेल तर नस दिसत नाही. मग ऑपरेशननंतर महिन्याभरानं ती बघून घ्यायची, ‘आता दिसतंय’ म्हणून सोडून द्यायची नाही.

ही सगळी मशीन गावच्या शिबिरात नसतात. दहिवडीच्या ग्रामीण रुग्णालयातून पुढं साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा पुण्याचं ससून अशी चिठ्ठी मागता येते. पुण्यात एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय लोकांच्या ओळखीचं आहे. माण-खटाव-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी तर देशभर पसरलीत. मुलगा मदुराईला असेल तर डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये सुरू केलेलं अरविंद नेत्र रुग्णालय तिथंच आहे, हैदराबादला असेल तर एल. व्ही. प्रसाद आहे. दिवाळीनंतर मुलाकडं राहायला जाणाऱ्या आई-वडिलांनी तिथं एकदा डोळे दाखवून यायला हरकत नाही. कुठंही गेलात तरी ‘काचबिंदूचे डॉक्टर’ म्हणून विचारा, डोळ्याचा प्रत्येक डॉक्टर मिग्स करत नाही.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत काचबिंदूची ऑपरेशनं येतात. मात्र परदेशी नळीचा खर्च त्यात बसेल असं गृहीत धरू नका. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनचं नाव सांगून आधीच विचारा, नाहीतर १५५३८८ वर फोन लावा. वरचे पैसे भरायचे असतील तर ते कशाचे, हे कागदावर घ्या. काही थेंब जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळतात, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा.

घरात एकाला काचबिंदू निघाला तर त्याच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना धोका कित्येक पटींनी जास्त असतो. त्यांनी चाळिशीची वाट न बघता तपासून घ्यायचं. चाळिशी उलटलेल्या बाकीच्यांनी दोन वर्षांतून एकदा, जवळचा चष्मा बदलायला जाल तेव्हाच. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून मिळतो, पण नस बघितली जात नाही.

जाताना जुन्या चिठ्ठ्या, चालू थेंबांच्या बाटल्या, रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत घ्या. नस बघायला बाहुली मोठी करायचा थेंब टाकतात, त्यानंतर चार-पाच तास धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. त्या दिवशी मोटारसायकल स्वतः चालवत परत यायचा बेत करू नका. घरातलं कुणीतरी बरोबर न्या, आणि ते भावंड असेल तर त्याचेही डोळे तिथंच तपासून घ्या.